चार तारांचे वाद्य आणि सागवानाचा परवाना

मॅन्डोलिन आणि युकुलेली यांच्या मधले चार तारांचे वाद्य ज्यांना घरच्या लाकडातून घडवून घ्यायचे असेल, त्यांनी वाद्याच्या आराखड्याआधी लाकडाच्या वाहतूक परवान्याची चौकशी करावी, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. वाद्य घडवायला किती वेळ लागला हे आता मला आठवतही नाही. तो परवाना देणाऱ्या वन परिक्षेत्र कार्यालयाच्या व्हरांड्यातील बाक मात्र चांगलाच लक्षात राहिला आहे.

मुळात असे वाद्य हवे कशाला, हा प्रश्न आमच्या भजनी मंडळातही निघाला होता. मॅन्डोलिनला आठ तारा असतात, त्याही जोडीने, आणि प्रत्येक जोडी तंतोतंत एका स्वरात लावावी लागते. खंजिरीवर भजन रंगात आले असताना जोडीतली एक तार किंचित उतरली, तरी सगळे वाद्य बेसूर वाटू लागते. शिवाय जोडतारेवर मींड घेताना, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, बोटे सोलून निघतात. युकुलेली हाताला सोपी, पण तिच्या नेहमीच्या मेळात, म्हणजे तारा लावण्याच्या पद्धतीत, चौथी तार खर्जाची नसून वरच्या स्वराची असते, त्यामुळे खाली उतरायला जागाच उरत नाही. म्हणून आकार युकुलेलीचा, तारा पोलादी पण एकेरी आणि मेळ मॅन्डोलिनचा, म्हणजे जी, डी, ए, ई, असे मी ठरवले. पेटीची पांढरी पाच, म्हणजेच जी, हा षड्ज धरला तर जाड तार सा, पुढची पंचम आणि त्यानंतर वरच्या सप्तकातील रिषभ व धैवत असा हा मेळ बसतो. एकेरी तारांची कल्पना माझी नव्हे. कर्नाटक संगीतातील यू. श्रीनिवास (१९६९–२०१४) यांनी एकेरी तारांच्या विद्युत मॅन्डोलिनवरच सारी गमके काढून दाखवली होती.

नागपुरात गिटारदुरुस्ती करणारे एक कारागीर हे काम करायला लगेच तयार झाले. तबलीसाठी, म्हणजे वाद्याच्या पुढच्या फळीसाठी, त्यांच्याकडे स्प्रूस या हलक्या लाकडाची पाटी होती. पाठ, कडा आणि दांडीसाठी त्यांनी जुने, मुरलेले सागवान आणायला सांगितले. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावी आजोबांचे घर नुकतेच पाडले होते आणि त्याची सागाची म्याल, म्हणजे छपराची तुळई, अंगणात पडून होती. इतकी वर्षे छपराखाली वाळलेले लाकूड विकत घेऊनही मिळत नाही, म्हणून तिचा एक तुकडा कापून न्यायचा, एवढाच माझा बेत होता.

अडले ते आरामशीनवर. चार मिलिमीटर जाडीच्या फळ्या हातकरवतीने निघत नाहीत, आणि परवानाधारक आरामशीनवाल्याला सागाच्या प्रत्येक तुकड्याची नोंद रजिस्टरमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे कागदाशिवाय तो सागवानाला हात लावत नाही. नागपूरच्या कारागिरांनीही परवाना असेल तरच लाकूड आणा, असे बजावले होते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४१ खाली राज्याने लाकडाच्या वाहतुकीचे नियम केलेले आहेत, आणि सागवान म्हटले की त्या नियमांना धार चढते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आम्हा लोकांना त्यामागचे कारण सांगावे लागत नाही; चोरटी तोड आम्ही पाहिलेली आहे. माझा राग नियमावर नाही. तो नियम ट्रकभर ओंडक्यांना आणि माझ्या हातभर तुकड्याला एकाच तराजूत तोलणाऱ्या टेबलावर आहे.

अर्जासोबत पहिल्यांदा ग्रामपंचायतीचा नमुना ८ मागितला. तो दिल्यावर असे निघाले की घर अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणून वारसांची संमतिपत्रे आणा. माझ्या एक काकू वणीला आणि आत्या अमरावतीला असल्यामुळे त्या सह्यांसाठीच बरीच धावपळ झाली. संमतिपत्रे जोडल्यावर घर खरोखर पाडल्याचा ग्रामसेवकांचा दाखला हवा होता. हे तिन्ही कागद एकाच वेळी मागता आले असते. परंतु प्रत्येक कागदाची आठवण साहेबांना आधीचा कागद पाहिल्यानंतरच होत असे. लाकडाचा उपयोग या रकान्यात मी ‘वाद्यनिर्मिती’ असे लिहिले होते, त्यावर विक्रीसाठी की स्वतःसाठी, असा नवा प्रश्न निघाला आणि कारागिरांचे पत्र जोडावे लागले. तुम्ही अर्ज कराल तेव्हा ‘घरगुती वापर’ एवढेच शब्द वापरा, तेवढे पुरतात.

त्यानंतर वनरक्षकाची पाहणी व्हायची होती, आणि नेमका उन्हाळा सुरू झाला. वणव्याचे दिवस असले की बीटवरचा माणूस जागेवर सापडत नाही, आणि पुढे तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की सगळे कार्यालयच फडीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, जाते. त्यामुळे असा अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. फाल्गुन उजाडल्यावर करू नये. मी बाकावर बसलो की शिपाई म्हणायचा, “गुरुजी, येवढ्याशा लाकडासाठी कायले हिंडता? थैलीत टाका अन् यष्टीनं चालले जा.” हा सल्ला मला कार्यालयाच्या दारातच मिळत होता, याचे हसू मला नंतर आले; त्या वेळी संतापच आला होता.

शेवटी वनरक्षक आले. तरुण मुलगा होता, कामाला चोख. त्याने टेप लावून तुकडा मोजला: लांबी ७५ सेंटिमीटर, रुंदी १५, जाडी ६. हिशेब निघाला ०.००६७५ घनमीटर, आणि रकान्यात तीनच दशांश स्थळे बसत असल्यामुळे पंचनाम्यात ०.००७ लिहिले गेले. मग त्याने पिशवीतून लाकडावर वनखात्याची खूण उठवणारा निशाणीचा हातोडा काढला. तो मधोमध मारला असता तर पाठीची फळीच वाया गेली असती, म्हणून मी खडूने रेघ ओढून, जो दोन बोटांचा शेवट कापून टाकायचा होता तिथेच ठोका मारायची विनंती केली आणि त्याने ती मानली. हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे: आधी खडूने रेघ ओढावी, मगच हातोडा पडू द्यावा. परवाना हातात आल्यावर त्यावरील मुदतही तिथेच उभे राहून वाचावी, कारण ती फार थोडी असते आणि उलटली तर पुन्हा तोच बाक.

नागपूरचे काम बघता बघता झाले. तारेची लांबी ३५० मिलिमीटर ठेवली, तिला १७.८१७ या पडदे बसवण्याच्या ठरलेल्या आकड्याने भागले की पहिला पडदा १९.६ मिलिमीटरवर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा तोच भागाकार करत पुढे जायचे, आणि बारावा पडदा बरोबर मध्यावर पडतो. सागाला तेल असते, त्यामुळे सरस लावण्यापूर्वी जोड अॅसिटोनने पुसला नाही तर पुढे उकलतो. खरी काळजी ताणाची होती. मॅन्डोलिनच्या आठ तारा मिळून साधारण ७५ ते ८५ किलोंचा ताण देतात, म्हणजे चारच तारांचाही ४० किलोंच्या आसपास जातो, तर युकुलेलीच्या नायलॉनच्या चार तारांचा ताण या ४० किलोंच्या साधारण निम्माच असतो. युकुलेलीसारखी घोडी (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) तबलीला चिकटवली असती तर ती उपटून आली असती, म्हणून तारा मागच्या टोकाला पत्र्याच्या पट्टीत अडकवल्या आणि घोडी नुसती दाबावर उभी ठेवली. घोडी अशी सुटी असल्यामुळे स्वर शुद्ध करायला ती मिलिमीटरभर सरकवताही येते.

तारांचे मात्र नशीब चांगले निघाले. मॅन्डोलिनच्या पाकिटात प्रत्येक तार दोनदा असते, त्यामुळे एका पाकिटात हे वाद्य दोनदा जोडता येते. फक्त टोकाला फास असलेल्या तारा मागाव्यात, टोकाला गोळी असलेल्या नकोत.

मींड हवी तशी निघते, आणि निम्म्या तारा असल्याने लावायला वेळही निम्माच लागतो. आवाज मात्र मॅन्डोलिनपेक्षा लहान आहे. मंडळात बसताना मी माईक जवळ ओढून घेतो आणि पेटीवाल्या काकांना भाता जरा हळू मारायला सांगतो, जे ते अजून तरी ऐकत नाहीत.