कान्साई ते नांबा

ओसाकाचं कान्साई विमानतळ १९९४ पासून समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर आहे. त्यामुळे शहराकडे निघालं की आधी लांबलचक पूल आणि दोन्हीकडे नुसतं पाणी. लंबगोल खिडक्यांची निळी 'रॅपिट' ही जलद गाडी फलाटावर खुणावत होती, पण तिला जादा तिकीट. थोडी मिनिटं वाचवायला कोण पैसे घालवणार? नानकाई या रेल्वे कंपनीची साधी एअरपोर्ट एक्सप्रेस पकडली, पाऊणएक तासात शहरातलं नांबा स्टेशन. रिंकू टाउनपासून गणवेशातली पोरं चढायला लागली. माझी बॅग घसरायला लागली, तर एकाने न बोलता पाय आडवा घातला, नजर मात्र मोबाईलमध्येच! नांबाला सरकत्या जिन्यावर सगळे उजवीकडे उभे. टोकियोत डावीकडे. एवढा शिस्तीचा देश, पण यात काही एकमत नाही.