पावसातलं ट्रॅकवर्क

पहाटे साडेपाचला ट्रॅकवर्कसाठी, म्हणजे घोड्यांच्या सकाळच्या सरावासाठी, पुण्याच्या रेसकोर्सवर पोचलो, तेव्हा भुरभुर चालूच होती. या आठवड्यात आपल्या तबेल्यातले तीन घोडे शर्यतीत धावायचे होते, रात्री धड झोप लागली नाही.

तीन वर्षांच्या फिलीची (तरुण घोडीची) ही पहिलीच शर्यत. गेल्या महिन्यात मॉक रेसला, म्हणजे सरावाच्या शर्यतीला, गेटमधून बाहेर पडायलाच तयार नव्हती. आज सुटली ती बाणासारखी! परत आली तेव्हा नाकपुड्या फुललेल्या, अंगातून वाफा निघतायत, आणि ही मोतद्दाराच्या खिशात तोंड घालून गाजर शोधतेय. १२०० मीटर तिला मानवेल. जिंकेलच असं म्हणत नाही, पण पहिल्या चारात यावी.

म्हातारबा (सात वर्षांचा आहे, पण सगळे हेच म्हणतात) १६०० मीटर धावणार. पाठीवर (जॉकी धरून) ६० किलो वजन पडलंय, ओल्या ट्रॅकवर ते जड जाईल. तरी चंदी चाटूनपुसून संपवतोय, माझा भरवसा त्यावर.

तिसऱ्याचा पुढचा डावा पाय हाताला किंचित गरम लागला. लंगडत नाही, पण नाव मागे घेतलं. मालक फोनवर नाराज झाले. होऊ देत. मुंबईचा सीझन आहेच की, महालक्ष्मीला धावेल. संध्याकाळी पुन्हा पाय बघायला जातोय.