राष्ट्रीय पुरस्कारांतले कोकण : पुन्हा पाहताना केलेल्या नोंदी

राष्ट्रीय पुरस्कार मिळालेले आणि कोकणाशी नाते असलेले मराठी चित्रपट क्रमाने पुन्हा पाहायचे आणि त्या-त्या वर्षीच्या निवडीबद्दल आपले मत कारणांसह लिहून ठेवायचे, असा उपक्रम यंदा पावसाळा सुरू होताना हाती घेतला. दापोलीत मृगापासून विजेचा भरवसा नसतो, त्यामुळे गती संथ राहिली; तरीही 'श्यामची आई', 'जैत रे जैत', 'श्वास', 'किल्ला', 'कासव' आणि 'व्हेंटिलेटर' एवढे आता पाहून झाले आहेत. पाहताना कसोटी एकच ठेवली. ही गोष्ट उचलून घाटावर नेली तर तिचे काही बिघडते का? बिघडत नसेल, तर माडांच्या रांगा आणि खाडीवरचा सूर्यास्त कितीही देखणा टिपलेला असो, कोकण तिथे केवळ पडद्यामागचा पडदा ठरते.

आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई'ला (1953) पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या 'दो बीघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, याची आठवण मात्र कमी निघते. दोन्ही चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पाहिले. कॅमेऱ्याची हालचाल, शहराचे चित्रण आणि बलराज साहनी यांचा अभिनय या तिन्ही बाबतींत 'दो बीघा जमीन' सरस आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही सुवर्णपदकाचा निर्णय मला योग्य वाटतो आणि त्याचे कारण वनमाला यांची आई. पोहायला जायच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटी (बारीक काठी) घेऊन बाहेर काढते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रागापेक्षा आपला मुलगा भित्रा ठरेल याचे भय अधिक दिसते. ज्या मुलखात घराच्या आगरात विहीर, पलीकडे वहाळ आणि त्याहून पलीकडे खाडी आहे, तिथे मुलाला पोहता न येणे ही गंमत नसते. श्यामचे गाव पालगड इथून जवळच असल्यामुळे मला हे अधिक जाणवत असेल, पण या आईचा कडवा स्वभाव त्या मातीतून आला आहे आणि तो दुसरीकडे रुजला नसता.

'जैत रे जैत'बद्दल (1977) थोडक्यात. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार त्याला निर्विवाद शोभतो. गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट समुद्राकडे वळूनही पाहत नाही; रायगड जिल्ह्यातली ठाकरवाडी, लिंगोबाचा डोंगर आणि त्याच्या कड्यावर लटकलेली आग्या मधमाश्यांची पोळी एवढ्यावर तो उभा आहे. नायक नाग्याची सगळी ओढ आणि सगळा सूड त्या कड्याशी बांधलेला असल्यामुळे डोंगर काढून घेतला तर गोष्टच उरत नाही. ना. धों. महानोर हे पळसखेडच्या शेतातले कवी, पण हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालींवर त्यांनी लिहिलेले शब्द ठाकरांच्या तोंडी इतके नैसर्गिक वाटतात, की कोरडवाहू रानातला माणूस ओल्या डोंगरापर्यंत कसा पोहोचला याचे मला दर वेळी नवल वाटते.

'श्वास' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो 2003 या वर्षासाठीच्या पुरस्कारांत. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी हा मान मराठीकडे परत आला. संदीप सावंत यांचा हा पहिलाच चित्रपट. पुढे तो भारतातर्फे ऑस्करला गेला, त्याच्या प्रसिद्धीसाठी लोकांनी वर्गणी काढली आणि या सगळ्या गौरवात मूळ कामगिरी काहीशी झाकली गेली, असे मला वाटते. गोष्टीतल्या परशुराम या मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल, आणि हे त्या लहान मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही. अश्विन चितळे यांना सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. मात्र अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी 'पितामगन' या तमिळ चित्रपटासाठी विक्रम यांना देण्यात आला आणि इथे माझे मत परीक्षकांपेक्षा वेगळे आहे. विक्रम यांचे काम मोठ्या ताकदीचे आहे. पण अरुण नलावडे यांचा आजोबा हे त्याहून अवघड काम आहे, कारण त्यात दाखवण्यासारखे काही नाही. डॉक्टर बोलत असताना हा माणूस ऐकतो, अर्धे समजते, उरलेले समजून घ्यायला तो घाबरतो, आणि हे सारे खुर्चीच्या कडेवर अवघडून बसण्यातून आणि नजर खाली वळवण्यातून आपल्यापर्यंत पोहोचते. आपल्याकडची वयस्क माणसे मुंबईच्या इस्पितळात गेल्यावर अशीच बसतात. आवाज चढवला तर कुणी हाकलून देईल, अशी धास्ती त्यांच्या खांद्यांत असते. शस्त्रक्रियेच्या आधी नातवाला जग डोळे भरून दाखवण्यासाठी तो त्याला इस्पितळाबाहेर घेऊन जातो, तो भाग या वेळी मी दोनदा पाहिला. मध्येमध्ये येणारी गावची हिरवी दृश्ये प्रथमदर्शनी केवळ सुखद वाटतात, पण हा मुलगा आता काय गमावणार आहे याचा तो हिशेब असतो, म्हणून कसोटीला हा चित्रपट पूर्ण उतरतो.

आता 'किल्ला', ज्याच्यासाठी खरे तर हा सगळा खटाटोप होता. अविनाश अरुण यांच्या या पहिल्या चित्रपटाला 2014 च्या बर्लिन महोत्सवात बालप्रेक्षकांच्या ज्युरीने क्रिस्टल बेअर दिले. राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, तर त्याच वर्षी 'कोर्ट' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. 'कोर्ट'बद्दल माझी तक्रार नाही; न्यायालयाचे कंटाळवाणे कामकाज इतक्या धीराने कुणी दाखवले नव्हते. खंत आहे ती छायाचित्रणाच्या पुरस्काराची. तो 'चतुष्कोण' या बंगाली चित्रपटासाठी सुदीप चॅटर्जी यांना मिळाला, त्यांच्या कौशल्याबद्दल आदर आहेच. पण 'किल्ला'मध्ये दिग्दर्शक स्वतः कॅमेऱ्यामागे उभा आहे आणि त्याने कोकणातला पाऊस जसा टिपला तसा मी दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पाहिलेला नाही. हा पाऊस गाण्यांतल्यासारखा चमकत नाही. आभाळ राखी, समुद्र राखी, चिऱ्याचा दगड भिजून काळपट, आणि त्या ओलीत वडील गमावलेला, पुण्याहून आईच्या बदलीमुळे इथे येऊन पडलेला चिन्मय.

सायकलींची शर्यत लावून मुले किल्ल्यावर जातात तो प्रसंग घ्या. चिन्मय एकटाच आत भटकत राहतो, तटाच्या खिडकीतून समुद्र पाहतो, तेवढ्यात सर कोसळते आणि तो परत येतो तर बरोबरची मुले निघून गेलेली असतात. पावसाचा आवाज वाढत जातो आणि जुन्या भिंतींमधला तो मुलगा लहान लहान होत जातो. ना रडणे, ना कुणाला मारलेली हाक. सर एकदा आली की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, हे इथे राहणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच मुलांनी त्याला सोडून जाणे आणि त्याला ते उशिरा कळणे या दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. पाऊस इथे प्रसंग घडवतो. माझ्या वहीत त्या वर्षीचा छायाचित्रणाचा पुरस्कार अविनाश अरुण यांच्या नावावर लिहिलेला आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' 2016 या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि त्याच पुरस्कारांत 'व्हेंटिलेटर'साठी राजेश मापुसकर सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले. नैराश्याने खचलेला तरुण आणि किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारी माणसे यांची सांगड काही ठिकाणी संवादांतून फार उघडपणे घातली जाते, हा 'कासव'चा दोष मला मान्य आहे. पण वेळास या किनाऱ्यावरच्या गावात अंड्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलून पिल्ले बाहेर आली का हे सकाळ-संध्याकाळ पाहणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या चित्रपटातला संयम ओळखीचा वाटेल : पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचे नसते, वाळूवरून त्याचे त्याला चालू द्यायचे असते. मानवला वाचवणारी जानकी नेमके हेच करते, त्याला प्रश्न विचारत नाही. अभिनेत्याचा पुरस्कार त्या वर्षी 'रुस्तम'साठी अक्षय कुमार यांना मिळाला. आलोक राजवाडे यांची मानवची भूमिका शेजारी ठेवली तर ती निवड मला पटत नाही. 'व्हेंटिलेटर' मन लावून पाहिला, भरपूर हसलो, पण गणपतीच्या तोंडावर इस्पितळात गोळा होणारे ते कुटुंब कोल्हापूरचे असते तरी फारसा फरक पडला नसता, म्हणून यादीत त्याचे स्थान खालचे.

चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या 'कोंडुरा' या कादंबरीवरचा श्याम बेनेगल यांचा चित्रपट यादीत बसत नाही, कारण तो हिंदी आणि तेलुगूत झाला आणि त्याची भूमीही आंध्राची आहे. पण कोकणातली गोष्ट खरोखरच दुसरीकडे नेली तर काय होते हे तपासायला त्याच्याइतके चांगले उदाहरण नाही, म्हणून तो पुढच्या टप्प्यात घेतला आहे. त्यानंतर सुजय डहाके यांचा 'श्यामची आई', ज्याला 2023 या वर्षासाठी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. तोही कृष्णधवल आहे. तो पाहताना अत्र्यांचा चित्रपट पुन्हा समोर ठेवणार आहे आणि विहिरीचा प्रसंग दोन्हींत कसा घेतला आहे, आईच्या हातातली शिंपटी किती वेळ दिसते, आणि श्याम पाण्यात पडल्यावर कॅमेरा कुणाकडे वळतो, हे आधी टिपून घेणार आहे.