तुम्ही विचारलंत म्हणून: वांगावर नेमकं काय लावायचं?

“ओ मॅडम, वांगावर एकच चांगलं नाव सांगा की, लिहून घेते.” वांग म्हणजे गालांवर, कपाळावर पसरणारे तपकिरी डाग; कोल्हापुरातल्या आमच्या औषधाच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. राजारामपुरीतली शिक्षिका विचारते, शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभा राहणारा विचारतो, बाळंतपणानंतर गालांवर डाग उमटलेली विचारते, नववीतल्या मुलीची आई पुटकुळ्यांच्या डागांसाठी विचारते. मी उलट चार प्रश्न केले की चेहरे पडतात. बाई सांगायला का-कू करतेय, असं वाटत असावं. तसं नाही. चौघांसाठी चालेल असं एक नाव असतं, तर मी ते पाटीवर लिहून दारात लावलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी घटक निवडताना तो किती जोरदार आहे हे नंतर बघायचं, तो त्वचेला किती चिडवतो हे आधी. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. आपल्याकडे त्या पेशी जास्त काम करतात, रंगाचे कण मोठे असतात, सुटे सुटे पसरतात आणि लवकर विरत नाहीत. त्वचेला काहीही झालं, पुटकुळी, ओरखडा, ॲसिडची भाजणी, मेणाने केस काढणं, तरी या पेशी एकच गोष्ट करतात : आणखी रंग ओततात. गोऱ्या त्वचेवर दाह लाल उमटतो आणि ओसरतो. आपल्या त्वचेवर तो लाली कुणाच्या लक्षात यायच्या आत तपकिरी होऊन बसतो, तोही कित्येक महिने.

“जळजळतंय म्हणजे काम करतंय न्हवं?” न्हवं. ॲझेलिक ॲसिड (डागांवर लावायचा एक घटक, पुढे येतोच) लावल्यावर पहिले काही दिवस पाच-दहा मिनिटं मुंग्या येतात, खाजतं, ते चालतं. त्यापुढेही जळजळ राहिली, सकाळी तोंड धुताना चरचरलं, नाकाच्या कडेला साल निघाली, तर ते लावणं थांबवायचं. डाग घालवायला आणलेल्या वस्तूनेच नवा डाग पडतो आणि मग लोक आणखी जोरदार काही मागायला येतात.

आता ते चार प्रश्न. पहिला, डाग आहे कुठे आणि कसा? दोन्ही गालांवर, कपाळावर, ओठावर, सारखा पसरलेला, कडा वेड्यावाकड्या : बहुधा वांग. पुटकुळी होती तिथेच ठिपका : तो दाहाचा डाग, आणि नव्या पुटकुळ्या थांबत नाहीत तोवर त्यावर काही लावणं वाया. मानेवर, काखेत मखमलीसारखा जाड काळेपणा असेल तर क्रीम नको, आधी साखर तपासा आणि वजन बघा; तो बहुधा शरीरात इन्शुलिन नीट काम न करण्याचा मामला असतो. मान घासून घासून तो जात नाही, वाढतो. टिकलीच्या जागी खाजून काळा किंवा पांढरा डाग पडला असेल तर संशय टिकलीच्या गोंदावर घ्या आणि टिकली बंद करा. कपाळाच्या कडेने, केसांच्या रेषेला काळेपणा आला असेल तर केसांचा रंग आठवा. आणि डाग तपकिरी नसून निळसर-राखाडी असेल, तर रंग त्वचेच्या खालच्या थरात उतरलेला आहे. वरून लावलेलं तिथे फार पोचत नाही. हे मी काउंटरवर फोडून सांगते तेव्हा लोक नाराज होतात, पण सहा महिने पैसे घातल्यावर कळण्यापेक्षा बरं.

दुसरा प्रश्न, गरोदर आहात का, किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का? तिसरा, दिवस कुठे जातो : उन्हात, स्कूटीवर, खिडकीशी, चुलीपुढे, भट्टीपुढे? चौथा, आतापर्यंत काय काय लावून झालं? या चौथ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात कमी खरं येतं.

तिसऱ्यावर थोडं बोलते, कारण निम्मं काम तिथेच अडतं. सनस्क्रीन लावतो म्हणणारे बहुतेक जण चिमूटभर लावतात. तर्जनी आणि मधल्या बोटावर, मुळापासून टोकापर्यंत, एक-एक सलग रेघ काढायची. या दोन रेघा म्हणजे चेहरा आणि मान, एका वेळचं. दोन थरांत लावायचं, म्हणजे पांढरट दिसत नाही. असं रोज एकदाच लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. सहा महिने पुरली असेल, तर एसपीएफ ५० चा आकडा फक्त वेष्टनावर राहिला. दुसरं, वांग असलेल्यांनी रंगीत सनस्क्रीन घ्यावं. नुसती अतिनील किरणं नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही, खासकरून त्यातला निळा भाग, सावळ्या त्वचेत रंग वाढवतो आणि तो बराच काळ टिकतो. साधं सनस्क्रीन हा उजेड फारसा अडवत नाही. आयर्न ऑक्साइड अडवतं, म्हणजे तीच तांबूस-पिवळी पूड जिच्यामुळे सनस्क्रीनला कातडीचा रंग येतो. घटकांच्या यादीत ते नाव शोधा. दुर्दैवाने मिळणाऱ्या बऱ्याच छटा आपल्या चेहऱ्यावर गुलाबी दिसतात. त्यावर उपाय म्हणून आपल्या रंगाची कॉम्पॅक्ट पावडर वरून थापली तरी फायदा होतो. गुऱ्हाळात, फाउंड्रीत, भाकरीच्या चुलीपुढे तासन्‌तास असणाऱ्यांना उष्णतेचाही त्रास आहे. वांग नुसत्या धगीनेही खवळतं. तिथे सनस्क्रीनपेक्षा अंतर, पंखा आणि मध्ये मध्ये थंड पाण्याचा हबका उपयोगी.

आता नावं. मला कुणी अगदी भिंतीला पाठ लावून विचारलंच, तर मी ॲझेलिक ॲसिड म्हणते. १० टक्के सौंदर्यप्रसाधनात मिळतं, १५ आणि २० टक्के औषध म्हणून. ते मुख्यतः जास्त खवळलेल्या रंगपेशींवर काम करतं, आजूबाजूच्या निरोगी त्वचेचा रंग उडवत नाही, पुटकुळ्यांवरही चालतं आणि गरोदरपणातही चालणाऱ्या मोजक्या नावांत आहे. पहिले दोन आठवडे एक रात्र आड. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की वरून वाटाण्याएवढं, डागापुरतं नाही तर पूर्ण भागाला. मग रोज. फरक आठ ते बारा आठवड्यांनी. त्याआधी आरशात बघून निकाल लावू नका. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच वेळी फोटो काढा.

नायसिनामाइड ४-५ टक्के सकाळी. ते रंग तयार होणं थांबवत नाही, तयार झालेला रंग शेजारच्या पेशीत जाणं कमी करतं, म्हणून दुसऱ्या घटकाबरोबर जोडीला चांगलं. १० टक्क्यांचं घेऊन दुप्पट फायदा होत नाही, चुणचुण मात्र वाढते. ट्रॅनेक्सामिक ॲसिड वरून लावायचं २ ते ५ टक्के, सौम्य आहे, वांगावर बरं. त्याची गोळी ही वेगळी गोष्ट : रक्ताच्या गुठळीचा इतिहास असलेल्यांना ती धोक्याची, म्हणून डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही. कोजिक ॲसिड काहींना लाभतं, काहींना त्याचीच ॲलर्जी होते. कोजिक आणि आर्ब्युटिनबद्दल एक गोष्ट वेष्टनावर कधी छापत नाहीत : अशा घटकांच्या बऱ्याच चाचण्या अळंबीतून काढलेल्या टायरोसिनेजवर, म्हणजे रंग तयार करणाऱ्या एन्झाइमवर झाल्या. माणसाच्या त्वचेतलं टायरोसिनेज वेगळं वागतं. माणसाचं एन्झाइम वापरून शोधलेलं थायामिडॉल त्यामुळे मला जास्त भरवशाचं वाटतं, आणि ते सहसा चिडवत नाही. व्हिटॅमिन सी कोल्हापूरच्या एप्रिलात खिडकीत ठेवलेलं महिन्यात तपकिरी होतं. तसं झालं की फेकून द्या. साल काढणाऱ्या ॲसिडांत ग्लायकोलिकपेक्षा मँडेलिक किंवा लॅक्टिक ॲसिड बरं, आठवड्यातून एकदा, आणि ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए च्या कुळातलं, त्वचा लवकर बदलणारं औषध) चालू असेल त्या रात्री नाही. लिंबू नाही. बेसन-हळदीचा लेप लावायचा तर लावा, पण वाळल्यावर खरवडून काढू नका. नायलॉनच्या जाळीने पाठ घासणं बंद करा. एका वेळी एकच नवी वस्तू. आधी कानामागे किंवा जबड्याच्या कडेला पाच-सहा रात्री, मग चेहऱ्यावर.

हे सगळं सांगून झालं की समोरची पिशवीतून एक ट्यूब काढते. “ही लावत होते. हिनं फरक पडला होता.” आणि इथे मला सगळं बाजूला ठेवून बोलावं लागतं.

लग्न ठरलेल्या मुलीचं घ्या. मुली बदलतात, क्रम बदलत नाही. साखरपुडा होतो, मैत्रीण किंवा पार्लरवाली ट्यूब सुचवते. ट्यूबमध्ये तीन औषधं असतात : हायड्रोक्विनोन (रंग तयार होणं रोखणारं), ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड. हे मिश्रण मुळात खोटं नाही. क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी १९७५ मध्ये अशा तीन औषधांचं सूत्र मांडलं, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात. मुलीला आठवडे कुणी सांगत नाही. पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो, बाकी दोघं चिडवत असतात तेही जाणवत नाही. मग ती डाग सोडून पूर्ण चेहऱ्याला लावू लागते, लग्नापर्यंत, लग्नानंतरही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गालांवर बारीक लाल शिरा दिसतात, हनुवटीवर एकसारख्या बारीक पुटकुळ्या येतात, कल्ल्यांशी लव वाढते. उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तर चेहरा पेटतो. घाबरून ती ट्यूब बंद करते आणि दोन-चार दिवसांत आग, सूज, लाली. साधं पाणीही झोंबतं. पुन्हा लावलं की थांबतं. म्हणून पुन्हा लावते. आणि जेव्हा कधी खरंच सुटतं, तेव्हा वांग पहिल्यापेक्षा गडद होऊन परत आलेलं असतं, कारण मधल्या सगळ्या दाहाचा रंग त्यात मिसळतो.

ही मुलगी काउंटरवर उभी राहून म्हणते, “दुसरी ट्यूब द्या.” तिला त्या वेळी काहीही लावायला देऊ नये. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, थंड पाण्याच्या घड्या, आणि त्वचारोगतज्ज्ञ. खासगी परवडत नसेल तर सीपीआरची, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयाची, ओपीडी. स्टेरॉइड एकदम सोडायचं की कमी करत आणायचं, मध्ये कोणतं दुसरं मलम द्यायचं, हे ते किती जोराचं होतं आणि किती दिवस लावलं यावर ठरतं. डागांचा विषय नंतर काही महिने काढायचाही नाही. २०१८ मध्ये स्टेरॉइडची अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल झाला, तरी ट्यूब हातोहात फिरतेच. मला माझ्याच धंद्यातल्या लोकांना हे सांगायचं आहे की गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल. ट्यूबवर ‘-सोन’, ‘-सोलोन’, ‘-ओलोन’ने संपणारं नाव किंवा क्लोबेटासोल दिसलं, तर ते स्टेरॉइड.

डबीतल्या बिनलेबलच्या क्रीमबद्दल तर वादच नको. काही वर्षांपूर्वी अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासलं तेव्हा त्यांच्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंग कमी करतो हे खरं आहे. म्हणूनच तो घालतात.

“पण पार गेलं पाहिजे बघा.” पार घालवणाऱ्या रसायनांचा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठल्याची नोंद झाली. कारण निघालं रबरी हातमोज्यांतलं मोनोबेंझोन, हायड्रोक्विनोनचंच भावंड. २०१३ मध्ये जपानमध्ये रोडोडेंड्रॉल असलेली उजळ करणारी उत्पादनं बाजारातून काढून घ्यावी लागली, हजारो लोकांना पांढरे चट्टे आले होते. ही द्रव्यं रंगाच्या पेशीत शिरतात, तिथलं टायरोसिनेज फसून त्यांना आपलाच कच्चा माल समजून बदलतं आणि ती विषारी होतात. रंग थांबवणं आणि रंगाची पेशी मारणं यात अंतर फार कमी असतं.

म्हणून हायड्रोक्विनोन वाईट का? पूर्वी मी सरसकट नको म्हणत असे, आणि त्या मताला आधार होता : १९७५ मध्येच दक्षिण आफ्रिकेतून, वर्षानुवर्षं हायड्रोक्विनोनचं जोरदार क्रीम लावणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर निळसर-काळे ठिपके उमटल्याची नोंद झाली. ते ठिपके सहसा जात नाहीत. दुसरीकडे, हट्टी वांगावर २ ते ४ टक्के हायड्रोक्विनोन, फक्त डागावर, फक्त रात्री, तीन-चार महिने आणि मग सक्तीची सुट्टी, असं डॉक्टरांच्या नजरेखाली दिलेलं इतर एकेकट्या घटकांहून लवकर काम करतं, हेही नाकारता येत नाही. २० टक्के ॲझेलिक त्याच्या बरोबरीला येतं, पण वेळ घेतं, आणि वेळ द्यायला सगळे तयार नसतात. मी अजून दोन्ही बाजूंनी बोलते. गरोदर बाईला मात्र हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही नाही, तिथे माझं एकच मत आहे.

आणि वांग परत येतं. ते दबतं, उन्हाळ्यात डोकं वर काढतं. फेब्रुवारीपासून रंगीत सनस्क्रीन दुपारी पुन्हा एकदा, रात्रीचं ॲझेलिक चालू. पावसाळ्यात एक रात्र आड केलं तरी चालतं, पण सकाळचं सनस्क्रीन ढग बघून सोडायचं नाही. यापुढे विचारायला याल तेव्हा आधी लावलेली ट्यूब बरोबर आणा, रिकामी असली तरी. फेकून दिली असेल तर मागच्या बाजूच्या घटकांचा फोटो शोधा. नाव मी त्यानंतरच सांगणार.