आमची वाटचाल : कोथरूडच्या जुन्या ओट्यांपासून

कोथरूडमधील जुन्या सोसायट्यांची स्वयंपाकघरे नव्याने करून देणे हा आमचा व्यवसाय आहे. संपूर्ण आखणी कागदावर उतरल्याशिवाय आणि तिचे वेगळे शुल्क घेतल्याशिवाय एकही फरशी उचकटायची नाही, हा नियम आम्ही दुकान उघडले तेव्हापासून पाळत आलो आहोत. याच नियमामुळे 2017 मध्ये आमचे दुकान बंद पडण्याच्या बेतास आले होते.

आरंभी मी आणि आमचे मिस्त्री असे दोघेच होतो. ते मूळचे गवंडी. ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या आणि पाण्याची लेव्हल नळी एवढ्या साहित्यावर ते भिंतीचा खरेपणा सांगत असत. नळीत बुडबुडा राहिलेला नाही याची खात्री करून ते चारही कोपऱ्यांत एका पातळीच्या खुणा करत आणि मगच मापाला हात घालत. आता आमच्याकडे लेसर लेव्हल आहे, तरी गुण्या त्यांचाच वापरला जातो, कारण जुन्या भिंती काटकोनात सापडणे दुर्मीळ असते आणि ओट्याखालच्या कडप्प्याच्या दोन उभ्या फरशांमधील अंतर पुढे-मागे अर्ध्या इंचाने चुकले, तरी ट्रॉली अडकते.

नोटाबंदीनंतर गिऱ्हाईक आधीच हात आखडता घेत असताना आमच्याच रस्त्यावर एक मोठे शोरूम उघडले आणि त्यांनी ‘आखणी मोफत’ अशी पाटी लावली. लोक आमचा कागद घेऊन तिथे जात आणि आमच्याच मापांवर कमी दराचा अंदाज घेऊन येत. तो दर कसा परवडत होता, हे या धंद्यातील कोणालाही कळेल: सहसा न गंजणाऱ्या 304 ऐवजी स्वस्त 202 प्रतीचे स्टील, आणि सिंकखाली पाणी सोसणाऱ्या आयएस 710 प्लायच्या जागी भुशाचे पार्टिकल बोर्ड. ट्रॉलीला लोहचुंबक लावून ‘पाहा, चिकटत नाही’ असे दाखवले जाई. वस्तुतः 202 लाही चुंबक फारसा चिकटत नाही. फरक निकेलमध्ये असतो, आणि तो रसायनाचा थेंब टाकून तपासावा लागतो. आम्ही हे समजावत बसलो आणि कामे शोरूमकडे जात राहिली. आम्ही घडवलेले फिटरही त्यांनी जास्त रोजावर नेले. त्यातच 1 जुलै 2017 पासून प्लायवूड आणि ग्रॅनाइटवर 28 टक्के जीएसटी लागला; तो नोव्हेंबरमध्ये 18 टक्क्यांवर आला, पण तोवर पक्के बिल देणारे आम्हीच महागडे ठरलो होतो. गोदाम सोडावे लागले. मिस्त्रींनी मात्र थकलेल्या मजुरीचा शब्दही काढला नाही.

आम्ही तरलो ते एका काकूंमुळे. त्या उंच आहेत. तीस इंची जुन्या ओट्यावर वाकून त्यांची पाठ धरत असे. आम्ही त्यांना उभे करून जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजली आणि ओटा चौतीस इंचांवर घेतला. पावसाळ्यात त्यांच्याच इमारतीतील इतर घरांत शोरूमच्या ट्रॉल्यांवर गंजाचे ठिपके दिसू लागले आणि सिंकखालचे बोर्ड फुगले, तेव्हा काकूंनी एकेका शेजारणीला घरी बोलावून आपल्या ट्रॉल्या उघडून दाखवल्या. त्या इमारतीची कामे आमच्याकडे आली आणि त्यांतून देणी फिटली. पुढची वर्षे सुरळीत गेली. ते शोरूम आता तिथे नाही. आमचे कागद मात्र त्यांनी कधी परत केले नाहीत.

ज्यांना स्वयंपाकघर करायचे आहे त्यांनी टाइल्सच्या रंगाआधी क्रम ठरवावा. तोडफोडीनंतर नळाचे पाइप आणि वायरिंग, मग वॉटरप्रूफिंग आणि किमान चोवीस तास पाणी साठवून गळतीची चाचणी, त्यानंतर टाइल्स, मग ओटा, आणि ट्रॉलीचे अंतिम माप त्यानंतरच. कारण टाइल आणि तिच्यामागचा सिमेंटचा माल मिळून इंच-दीड इंच जागा खातात. ओव्हनसाठी 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि त्याला 4 चौरस मिलिमीटरची वायर कागदावरच दाखवावी. चिमणीचा सहा इंची पाइप कमीत कमी वळणांनी बाहेर जाईल अशी शेगडीची जागा निवडावी. ड्राय बाल्कनीची भिंत पाडण्याचा विचार असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे लेखी मत आणि सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. पाइप गॅसची जोडणी गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच हलवून घ्यावी, आमच्या प्लंबरला गळ घालू नये.

दिवाळीपूर्वी स्वयंपाकघर हवे असणाऱ्यांनी आखणीसाठी आषाढातच यावे. गणपतीत आमचे कोकणातील कारागीर गावी जातात आणि त्या काळात आम्ही कोणाचाही ओटा तोडायला घेत नाही.