नांगर अडायचा तिथंच रेषा उमटली

माझं रोजचं काम म्हणजे रेझिस्टिव्हिटी मीटर, म्हणजे जमीन करंटला किती अडवते ते मोजणारं यंत्र, लावून बोअर कुठं घ्यायची ते सांगणं. पण भीमेच्या खोऱ्यातल्या एका शेतात त्याच तंत्रानं पाण्याऐवजी गाव शोधलं, तो दिवस लिहून ठेवावासा वाटतो.

बोलावणं पुरातत्त्वात काम करणाऱ्या मैत्रिणीचं. जुन्या कागदात बेचिराग, म्हणजे ओस पडलेलं, म्हणून नोंदलेलं गाव, आता तिथं नुसतं वावर, मधे थोडा उंचवटा आणि पांढरीची माती. ही माती म्हणजे राख, शेण, पडलेल्या भिंती असं शेकडो वर्षांचं साठलेलं, खत म्हणून एक नंबर, त्यामुळे लोक ट्रॉल्या भरभरून नेतात आणि इथली अर्धी पांढरी आधीच गेलेली. उरलेल्या भागात मालकाला जेसीबी लावून सपाटीकरण करायचं होतं, म्हणून वावर रिकामं होतं, आणि आमच्या हातात काय तो तेवढाच वेळ.

जमिनीतलं चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर आधी फिरवून झाला होता. तो चालवताना अंगावर लोखंड चालत नाही, बेल्ट, किल्ल्या, मोबाईल सगळं लांब ठेवून नाडीच्या पायजम्यात चालायचं. पण आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना स्वतःच चुंबकीय झालेला, आणि शेतात पडलेला प्रत्येक धोंडा वेगळ्या दिशेला तोंड करून पडलेला, त्यामुळे नकाशा म्हणजे नुसता ठिपक्यांचा पसारा. फक्त कडेला एक मोठा ठळक डाग, आणि तिथं वर भाजलेल्या मातीची ढेकळं विखुरलेली. कुंभाराचा आवा असणार असं आम्हाला तेव्हाच वाटलं. जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार, पण लावून पाहिलेला, पण काळ्या चिकणमातीत त्याच्या लहरी वरच्या वरच जिरतात, हाती काही लागलं नाही.

मग रेझिस्टिव्हिटी. साधी गोष्ट आहे, ओल्या काळ्या मातीतून करंट सहज जातो, दगडी जोत्यातून जात नाही. अर्ध्या मीटरवर दोन सळया बसवलेली फ्रेम घेऊन ओळीनं टोचत जायचं, बाकीच्या दोन सळया लांब एका जागी रोवून ठेवायच्या. नोव्हेंबर होता, जमिनीत ओल होती हे नशीब, उन्हाळ्यात ह्याच रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळई मातीला धड लागतसुद्धा नाही.

गावातल्या प्रत्येकाचा एकच प्रश्न, किती हंडे सापडले? ही गुप्तधनाची अफवा फार वाईट, एकदा पसरली की रात्रीतून कुणीतरी कुदळ घेऊन येतं आणि सगळी जागा नासवतं. म्हणून आम्ही लॅपटॉप ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला आणि जो येईल त्याला स्क्रीन दाखवत होतो, लपवायचं काहीच नाही.

मालकाचे वडील, आप्पा, सकाळपासून बांधावर बसून बघत होते. दुपारी उठून आले आणि म्हणाले, "ताई, तिकडं काय टोचताय, हिकडं या. हितं नांगर अडतो. ह्या बांधापासनं त्या बाभळीपतुर सरळ रेषेत अडतो बघा. ज्वारी बी ह्याच पट्ट्यात आधी वाळती." आणि काठीनं मातीत रेघ ओढत चालत गेले.

त्या पट्ट्याचं रीडिंग संपवून डेटा प्लॉट केला तेव्हा जोरात ओरडलोच मी. आप्पांच्या रेघेवर लांब काळी रेषा, म्हणजे करंट अडलेली जागा, तिला काटकोनात आडव्या भिंती, खोल्याच खोल्या, समोर तशीच दुसरी रांग आणि मधे बैलगाडी जाईल एवढी मोकळी बोळ. बोळीच्या टोकाला एक गोल, तिथं रेझिस्टन्स एकदम कमी, म्हणजे बुजलेली विहीर असावी. आप्पांना दाखवलं तर त्यांनी आधी रेषेवर बोट फिरवलं आणि मग विचारलं, "दारं कुठल्या अंगाला हुती?" इतका नेमका प्रश्न आमच्यापैकी कुणीच विचारला नव्हता. रेषेत दोन ठिकाणी फट होती, दोन्ही बोळीकडे.

घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 खणून ताम्रपाषाण काळातली 130 हून जास्त घरं उघडी केली, तेव्हा कुठं आपल्याला तिथल्या शेतकऱ्यांचं जगणं कळलं. प्रत्येक पांढरीला एवढं खोदकाम मिळणं शक्य नाही, माणसं नाहीत, पैसा नाही. पण असा सर्व्हे दोन-चार माणसं करू शकतात आणि मातीला धक्काही लागत नाही. जेसीबी मात्र एका दिवसात सगळं पुसतो, हे बघून माझा जीव खरंच तुटतो.

खात्रीसाठी रीतसर परवानगी काढून एका रेषेवर छोटा चर घेतला, हातभर खाली घडीव दगडाचं जोतं लागलं, त्याला टेकून खापरांचा खच. मालकानं आपणहून तेवढा पट्टा सपाटीकरणातून सोडला. पांढरी शेजारच्या वावरातही सरकलीय असं आप्पा म्हणतात, तिथं सध्या तूर उभी आहे, ती निघाली की लगेच फ्रेम घेऊन जायचंय, तिथल्या मालकाशी बोलणं झालंय.