तुम्ही विचारलंत म्हणून : ऑडिट लॉगमधला आकडा आणि त्याचे नाव

लिनक्सच्या ऑडिट नोंदींमधले (यंत्रावर कोणी काय केले याच्या नोंदींमधले) आकडे माणसाला वाचता येतील अशा शब्दांत उलगडून देणारी ऑपार्स ही लायब्ररी मी वापरतो, हे कळले की अनेक जण विचारतात : तिने दाखवलेले वापरकर्त्याचे नाव तपासणीच्या अहवालात तसेच लिहावे का? लिहावे, पण मूळ आकडा शेजारी ठेवूनच.

एका सर्व्हरचा लॉग मी लॅपटॉपवर आणून वाचत होतो, तेव्हा परवानगी नसलेली फाइल उघडू पाहणारा म्हणून लायब्ररीने माझेच नाव दाखवले. नोंदीत केवळ यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा क्रमांक, १००० होता. बहुतेक वितरणांत हा क्रमांक पहिल्या साध्या वापरकर्त्याला मिळतो, आणि नाव शोधले जाते ते लॉग ज्या यंत्रावर वाचला जातो त्याच्या यादीत, वाचण्याच्या क्षणी. सर्व्हरवरचा १००० वेगळाच कोणी होता. म्हणून लॉग बाहेर न्यायचा असेल, तर नोंदी लिहिणाऱ्या ऑडिटडी या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये लॉग फॉरमॅट ‘एन्रिच्ड’ ठेवावा. मग मूळ यंत्रच नोंदीच्या शेवटी नावे जोडून ठेवते.

सगळ्याच फील्डना हा धोका नाही. एक्झिटमधला, म्हणजे निकालाच्या फील्डमधला, उणे १३ म्हणजे परवानगी नाकारली, हे दोन्ही यंत्रांवर सारखेच उलगडते. सिस्टिम कॉलचा (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, केलेल्या मागणीचा) क्रमांक मात्र एकट्याने काहीच सांगत नाही : २ म्हणजे ६४-बिट इंटेलवर ‘ओपन’, ३२-बिटवर ‘फोर्क’. लायब्ररी त्याच नोंदीतले आर्च फील्ड, म्हणजे प्रोसेसरचा प्रकार, पाहून निर्णय करते, त्यामुळे एखादे फील्ड कापून घेऊन स्वतःच्या तक्त्याशी ताडण्याची पद्धत मला मान्य नाही. ऑयूआयडीमध्ये, म्हणजे मूळ लॉगिन कोणाचे हे सांगणाऱ्या फील्डमध्ये, ४२९४९६७२९५ दिसले, तर तो कोणी वापरकर्ता नव्हे. लॉगिनची ओळख नेमलेलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी फाइलनावे वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. नावात मोकळी जागा, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा आस्कीबाहेरचे (साध्या इंग्रजी अक्षरसंचात नसलेले) अक्षर असेल, तर कर्नल ते नाव हेक्स आकड्यांत, म्हणजे प्रत्येक बाइटसाठी ०-९ आणि A-F यांतली दोन चिन्हे वापरून, लिहितो. ‘अहवाल’ हा शब्द यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत १५ बाइटचा, म्हणून लॉगमध्ये तो ३० हेक्स चिन्हांची सलग ओळ होऊन येतो. कच्च्या लॉगमध्ये ‘अहवाल’ शोधून काही सापडले नाही, तर त्या फाइलला कोणी हात लावला नाही असे समजू नका. आधी नेम फील्ड लायब्ररीकडून उलगडून घ्या आणि मग शोधा.